इंग्रजीची लागवड आणि आपले रान



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. पण तो तुमच्या-आमच्या उसाच्या बिलाशी जोडलेला आहे. गटागटांतून फिरताना आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की सोसायटीचे कर्ज वळते होते, दुकानाची उधारी भागते, आणि उरलेल्या पैशातला मोठा वाटा मुलांच्या इंग्रजी शाळेची फी आणि गाडीभाडे यांत जातो. पोरांनी शिकावे, कागद पुढे करून "साहेब, एवढं वाचून द्या" असे म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, ही त्यामागची कळकळ आहे. तिला आम्ही नावे ठेवीत नाही.

पण नवीन वाण लावण्यापूर्वी आपण काय विचारतो? हा कोणी कोठे लावून पाहिला, जमीन कशी होती, शेजारी जुन्या वाणाचा प्लॉट होता काय, उतारा किती पडला? को ८६०३२ असो की फुले २६५ असो, चाचण्या झाल्यावरच हे वाण आपल्या बांधापर्यंत आले. मुलांना इंग्रजी कसे शिकवावे यावरही जगात आणि आपल्या देशात असेच प्रयोग झालेले आहेत, आणि ते शंभर वर्षांपासून चालू आहेत. त्यांची माहिती मात्र फी भरणाऱ्या बापापर्यंत कोणी पोचवीत नाही. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. कृषी पदविका घेतलेले ऊस विकास अधिकारी आहोत. पण प्रयोगाचा प्लॉट कसा पाहायचा एवढे आम्हाला कळते. त्या नजरेने जे वाचले, ते येथे मांडतो.

कपाशीवर गेलेला पंप

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी एका सभासदाने उसातील चांदवेल मारण्यासाठी टू-फोर-डी आणले. मराठी माहितीपत्रक खोक्याबरोबर उकिरड्यावर गेले होते. बाटलीवर जे उरले ते इंग्रजीत. घरात सातवीतला मुलगा, इंग्रजी माध्यमात शिकणारा. बापाने त्याच्याकडून बाटली वाचून घेतली आणि फवारणी केली. चांदवेल गेली. पुढच्या आठवड्यात तोच पंप कपाशीवर गेला.

आम्ही पोचलो तेव्हा अर्ध्या एकरावरील कपाशीची पाने आकसून दोऱ्यासारखी झाली होती. आम्ही विचारले, "आप्पा, पंप धुतला नव्हता काय?" आप्पा म्हणाले, "पाणी मारेल व्हतं साहेब. अन् पोऱ्यानी सगळी बाटली वाची. मना पोऱ्या इंग्रजी फडफड वाचस." आम्ही बाटली मागवली. पोराने आमच्यासमोर खरोखरच सगळे न अडखळता वाचले. पंप नीट धुवावा, दुसऱ्या नाजूक पिकावर वापरू नये, हेही त्यात होते. आम्ही म्हटले, "बेटा, याचा अर्थ काय?" पोरगे खाली पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "हे आमच्या पुस्तकात नाही. सरांनी याचा अर्थ लिहून दिलेला नाही."

आप्पांचा चेहरा आम्ही विसरलो नाही. कपाशी गेली याचे दुःख कमी होते. चार वर्षे फी भरून पोराला वाचता येते आणि कळत नाही, हे त्यांना त्या बांधावर पहिल्यांदा कळले.

त्या पोराला हसण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, कारण आमच्या घरीही तेच होते. आमची मुलगी तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या दुसरीत होती. पाहुणे आले की आम्ही तिला कविता म्हणायला लावायचो आणि मनात फुगायचो. त्या रात्री तिचे पुस्तक उघडून पहिल्याच ओळीचा अर्थ विचारला. तिला सांगता आला नाही. मग मराठीतील एक जाहिरात वाचायला दिली, तीही धड वाचता आली नाही. सहा तास शाळा, दोन तास शिकवणी, आणि पोर दोन्ही भाषांच्या मध्ये उभी. दोष कोणाचा, हे शोधीत बसलो नाही. आम्ही स्वतः कधी तिच्याजवळ बसून "यात काय लिहिले आहे, तुझ्या शब्दांत सांग" असे विचारले नव्हते, एवढे खरे.

हे दोन घरांपुरते नाही. २०२२ साली ‘असर’ या पाहणीत देशभरच्या खेड्यांतील मुलांची घरी जाऊन तपासणी झाली. पाचवीतील शंभर मुलांपैकी सुमारे पंचवीस मुलांनाच इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. आठवीत सुमारे सत्तेचाळीस. २०१६ सालच्या पाहणीतही आकडे जवळपास हेच होते. आणि वाक्ये वाचता आली त्या सर्वांना त्यांचा अर्थ सांगता आला असेही नाही.

आपले रान कसे आहे?

वाण निवडण्याआधी माती परीक्षण करावे असे आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. तसे आपल्या मुलांच्या भाषेचे करून पाहू. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील शंभरापैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी समाजाची होती, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी सुमारे ८२ होती.

आता भाषा पाहा. सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापुराकडे मावची आणि कोकणी, सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली, बाजारात गुजराती आणि हिंदी. ग्रिअर्सन साहेबांनी १९०७ साली भिल्ल बोलींचा आणि खानदेशीचा एक अख्खा भागच आपल्या भाषा-पाहणीत छापला, इतके हे वैभव जुने आहे. पण शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आपल्या पुष्कळ मुलांना मराठी हीच शिकावी लागणारी भाषा आहे. अहिराणी घरातले पोर मुलाला ‘आंडोर’ आणि मुलीला ‘आंडेर’ म्हणते. पुस्तकात ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ असते. हा फरक थोडा आहे. पावरा घरातून आलेल्या पोराला तर पहिल्या दिवशी गुरुजींचे बोलणेच परके वाटते. त्याच्यासाठी इंग्रजी ही तिसरी नाहीतर चौथी भाषा. त्यात ज्यांचे आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यांची निम्मी शाळा फडावरच बुडते.

सरकारचे धोरणही बदलत आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ इंग्रजी आठवीपासून होते, नंतर पाचवीपासून झाले. आमच्या वयाचे सगळे पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेले. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हा प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलालाही इंग्रजी पहिल्या वर्षापासून मिळते, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानातच नसते. प्रश्न इंग्रजी हवे की नको हा नाहीच. ते हवेच. प्रश्न असा की, इंग्रजी एक विषय म्हणून चांगले शिकवावे, की सगळे विषयच पहिल्या दिवसापासून इंग्रजीतून शिकवावेत? आणि लवकर सुरू केले की ते आपोआप पक्के होते काय?

प्रयोगाचे प्लॉट

पहिला प्लॉट बंगालचा. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज गृहस्थ ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी १९२६ साली बंगालमधील मुलांच्या दुभाषिकपणावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की बहुतेक मुले शाळा पुरी करीतच नाहीत. दोन-चार वर्षांत सोडतात. मग त्यांनी विम्याच्या धंद्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर हातात काय परत मिळते, ती किंमत. इंग्रजी शिक्षणाचेही तसेच विचारावे, असे त्यांचे म्हणणे. पोराने सातवीत शाळा सोडली तर त्याच्या हाती काय उरले? पाठ केलेल्या कविता आणि व्याकरणाचे नियम उरले तर ते शून्य. सोपे इंग्रजी वाचून समजण्याची शक्ती उरली तर ती जन्मभर कामाची. म्हणून त्यांनी थोड्या, नेमक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला काढली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरली गेली.

ज्या जिल्ह्यात दहावीपूर्वी पुष्कळ मुलांची शाळा सुटते, त्या जिल्ह्याला हा सरेंडर व्हॅल्यूचा प्रश्न फार जवळचा आहे. आप्पांच्या पोराची बाटली आठवा.

दुसरा प्लॉट आफ्रिकेतील नायजेरियाचा. तेथे १९७० साली इफे येथे एक सहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला. काही मुलांना सहाही वर्षे सगळे विषय त्यांच्या योरुबा भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा वेगळा विषय म्हणून नीट शिकवला. तुलनेच्या वर्गांत नेहमीप्रमाणे तीन वर्षांनंतर सगळे इंग्रजीतून. सर्वांना वाटले, पहिली मुले इंग्रजीत मागे पडतील. तसे झाले नाही. इंग्रजीत ती मागे राहिली नाहीत आणि इतर विषयांत पुढे गेली. कॅनडातील जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ च्या सुमारास याचे कारण मांडले. दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या विहिरींसारख्या नसतात. खाली पाण्याचा झरा एकच असतो. स्वतःच्या भाषेत वाचणे, कारण शोधणे, तुलना करणे एकदा आले की ते दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: परकी भाषा खेळापुरती बोलायला मुले दोनेक वर्षांत शिकतात, पण तिच्यातून गणित-शास्त्र समजून घेण्याइतकी ती पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि ही मुले सगळीकडे इंग्रजीच ऐकू येणाऱ्या देशातली होती! आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजीचा शब्द कानी पडत नाही.

तिसरा प्लॉट वयाचा. ‘लहानपणी जीभ वळते, म्हणून बालवाडीपासूनच इंग्रजी’ असे आपण ऐकतो. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची तुलना केली. दोघांना तास सारखेच. सातशेहून अधिक तासांनंतरही उशिरा सुरू केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. कारण मोठे पोर समजून शिकते. लहान वयाचा फायदा दिवसभर ती भाषा कानावर पडेल अशा ठिकाणी असतो. आठवड्याला चार-पाच तासांत तो मिळत नाही. म्हणजे लवकर सुरुवात करू नये असे नाही; पण नुसती लवकर लागवड केली म्हणून उतारा वाढत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

उसाच्या बेटांवरचा प्रयोग

चौथा प्लॉट आपल्याला विशेष जवळचा, कारण तो उसाच्या मुलखातला आहे. प्रशांत महासागरात फिजी नावाची बेटे आहेत. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय माणसे गिरमिटावर, म्हणजे कराराने, तेथे गेली. बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. त्यांचे वंशज तेथे ऊस पिकवीत राहिले. तेथील खेड्यांच्या शाळांत १९८० साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी एक साधा प्रयोग केला. मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी, शाळेत इंग्रजी. चौथी-पाचवीच्या काही वर्गांत त्यांनी सुमारे अडीचशे चित्रमय गोष्टींची पुस्तके ठेवली. काही वर्गांत शिक्षक गोष्ट मोठ्याने वाचीत आणि मुलांशी तिच्यावर बोलत. काहींत मुले रोज थोडा वेळ स्वतः गप्प बसून वाचीत. तुलनेच्या वर्गांत नेहमीचा अभ्यासक्रम.

पहिल्याच वर्षी पुस्तकांच्या वर्गांतील मुलांची वाचनातील वाढ तुलनेच्या वर्गांच्या जवळपास दुप्पट भरली. दुसऱ्या वर्षी तर लिहिण्यात आणि व्याकरणातही ती पुढे दिसली, आणि व्याकरण वेगळे शिकवलेले नव्हते! यंत्रे नाहीत, संगणक नाही, टाय नाही. कळेल आणि आवडेल असे वाचायला भरपूर, एवढेच. अमेरिकेतील स्टीफन क्रॅशन यांनी याच काळात सांगितले की भाषा येते ती समजलेल्या मजकुरातून; आपल्या पातळीच्या किंचित वरचा मजकूर असला म्हणजे पोर वर चढते. फार वरचा असला तर डोक्यावरून जातो. उसाला मुळाशी लागेल असे पाणी द्यावे लागते. पाटातून वाहून गेलेले पाणी हिशेबात धरता येत नाही.

पाचवा प्लॉट आपल्या देशातला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साह्याने दक्षिणेकडील काही साध्या शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक पुढे ठेवायचे: अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, किती वेळ थांबावे लागेल? गावाचा नकाशा ठेवायचा: येथून तेथे जाण्याचा जवळचा रस्ता कोणता? आधी शिक्षक सर्वांसमोर एक काम करून दाखवीत, मग तसेच दुसरे काम प्रत्येकाने स्वतः करायचे. उत्तर बरोबर आले म्हणजे इंग्रजी कळले. मध्ये मुलाने आपल्या भाषेत शब्द बोलला तर छडी नाही. शेवटी बेरेटा आणि डेव्हिस या दोघांनी तटस्थपणे चाचण्या घेतल्या. नेहमीच्या व्याकरणाच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे राहिले. पण ऐकून, वाचून समजणे आणि वापरणे यांत प्रभूंचे वर्ग पुढे निघाले. म्हणजे ज्याची मशागत केली तेच उगवले.

हे आपल्याकडे करता येणार नाही असे कोणी म्हणू नये. सुरत-भुसावळ मार्गावरील गाड्यांचे वेळापत्रक नंदुरबार स्टेशनावर लागलेलेच असते. १०:२६:२६ च्या खताची गोणी घरी आहे. औषधाची बाटली आहे. या वस्तू हेच आपल्या पोरांचे पहिले इंग्रजी पुस्तक होऊ शकते.

फलटणचा दाखला

महाराष्ट्रात असे कोणी केले आहे काय, असे तुम्ही विचाराल. फलटणचे निंबकर हे नाव शेतकऱ्यांना नवे नाही. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेची ‘मधुरा’ गोड ज्वारी अनेकांनी ऐकली असेल. त्याच गावात डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. बाई जन्माने अमेरिकन, इंग्रजी त्यांची मातृभाषा. फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि येथल्याच होऊन राहिल्या. शाळेबाहेर राहिलेल्या गरीब वस्तीतील मुलांपासून त्यांनी काम सुरू केले. १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली.

जिची मातृभाषाच इंग्रजी, त्या बाईने खेड्यातील पोरांसाठी शाळा काढली ती मराठी माध्यमाची. मराठी वाचन-लेखन आधी पक्के करायचे, मुलांना भरपूर पुस्तके द्यायची आणि सोबत इंग्रजीही शिकवायचे, अशी त्यांची रीत. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठी १९९० नंतर निघालेल्या जीवनशाळांनीही मुलांच्या बोलीपासून सुरुवात करून मराठीकडे जाण्याची वाट धरली. म्हणजे हा विचार परदेशातून उचललेला नाही. आपल्या डोंगरातही तो रुजलेला आहे.

चूक म्हणजे केवडा

एक गोष्ट चुकांविषयी. पोराने इंग्रजीत चूक केली की घरात हसतात, शाळेत रागावतात. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी दाखवून दिले की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या डोक्यात काय चालले आहे याची खूण असते. उसाची पाने पिवळी पडली, केवडा पडला, तर आपण उसाला शिव्या देत नाही. लोह कमी आहे हे ओळखतो. मराठीत क्रियापद शेवटी येते: ‘मी शाळेत जातो.’ इंग्रजीत ते मध्ये येते: ‘आय गो टू स्कूल.’ इंग्रजीत नामाआधी ‘अ’ आणि ‘द’ लागतात. मराठीत तसे काहीच नाही. मग पोर तेथे चुकणारच. त्याला दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून दाखवावीत. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले ते मराठीच्या आधारानेच. त्या रीतीत बोलणे कमी होते हा दोष खरा. पण अर्थ समजल्याशिवाय पुढे जायचे नाही हा गुण मोठा होता.

आपण काय करावे?

हे सारे वाचून आम्ही असे म्हणत नाही की इंग्रजी माध्यम वाईटच. ज्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी आहे, ज्या शाळेतील शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी चांगले आहे आणि तो अर्थ समजावून देतो, तेथे मुले चांगली शिकतातही. पण पाटीवर इंग्रजी नाव आहे एवढ्यावर उसाचे बिल मोजू नये. पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. शाळा निवडताना इमारत पाहण्याआधी दुसरी-तिसरीतले एखादे पोर जवळ घ्यावे. त्याला पुस्तकातील चार ओळी वाचायला सांगाव्यात आणि मग त्याच्या बोलीत अर्थ विचारावा. आम्हाला विचाराल तर हीच खरी चाचणी. बापाला इंग्रजी येत नसले तरी ती घेता येते.

२. शाळेला विचारावे: वर्गात गोष्टींची पुस्तके किती आहेत? ती मुलांच्या हाती देता की कपाटात कुलपात ठेवता? मुलाला आपल्या भाषेत शंका विचारता येते काय?

३. मराठी वाचन तिसरीपर्यंत पक्के करून घ्यावे. ते कच्चे राहिले तर वरचे सगळे तुटाळ राहते, आणि मागाहून नांग्या भरणे किती महाग पडते हे आपण जाणतो.

४. घरात आपली बोली बोलायला लाजू नये. आजीची अहिराणी वा पावरी गोष्ट पोराचे इंग्रजी बिघडवीत नाही. शब्द, क्रम, कारण हे सारे पोर त्या गोष्टीतच शिकते.

५. रविवारी चार तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसवावे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवले की एकदाच घोकलेले लवकर उडून जाते. अंतराअंतराने पुन्हा समोर आले तर टिकते. शब्दही एका भेटीत ओळखीचा होत नाही. निरनिराळ्या वाक्यांत आठ-दहा वेळा भेटावा लागतो. आठवड्याचे पाणी एकाच दिवशी दिले तर काय होते, ठिबकवाल्यांना विचारा.

६. खताची गोणी, औषधाची बाटली, बँकेचा फॉर्म घरी आला की पोराला जवळ बोलवावे. नुसते वाचून घेऊ नये. ‘काय करायला सांगितले आहे?’ असे विचारावे. औषधाच्या बाबतीत मात्र पोराच्या उत्तरावर विसंबू नये. मराठी माहितीपत्रक जपून ठेवावे आणि शंका असल्यास गट कार्यालयात विचारावे.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. चौथीनंतर आम्ही तिला मराठी शाळेत, सेमी इंग्रजीच्या वर्गात घातले. नातेवाइकांनी नावे ठेवली. "साहेबाची पोर मराठी शाळेत" असेही ऐकले. पहिले वर्ष तिला जड गेले आणि आम्हाला त्याहून जड गेले, कारण रोज जवळ बसावे लागले. आज ती सहावीत आहे. फर्डे इंग्रजी बोलत नाही. पण मागच्या महिन्यात ठिबकच्या पंपाचे इंग्रजी पुस्तक तिच्या हाती दिले, तर दोन ठिकाणी अडली, शब्दकोश काढला, आणि गाळणी किती दिवसांनी धुवायची ते आम्हाला सांगितले. आमचे स्वतःचे वाचन त्या बाबतीत चुकीचे होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आप्पांचा मुलगा आता अकरावीत आहे. त्याच शाळेत राहिला, पण आप्पा त्याला रोज संध्याकाळी एक पान वाचायला लावतात आणि अहिराणीत अर्थ विचारतात. स्वतः आप्पांना एक अक्षर इंग्रजी येत नाही. पण पोर खरे सांगते की थाप मारते, एवढे त्यांना चेहऱ्यावरून कळते, असे ते म्हणतात.

शेवटी एक विनंती. ज्या सभासदांच्या घरी मुलांची जुनी गोष्टींची पुस्तके पडून असतील, मराठी वा इंग्रजी, ती त्यांनी आपल्या गट कार्यालयात आणून द्यावीत. उसाच्या नोंदीसाठी येणाऱ्या सभासदांची मुले बाहेर तासन् तास बसून असतात. त्यांच्यासाठी एक लाकडी पेटी ठेवायचे आम्ही ठरवले आहे. तोडणी कामगारांच्या मुलांसाठीही त्यांतील काही पुस्तके फडावर नेता येतील. फिजीच्या खेड्यात अडीचशे पुस्तकांनी जे झाले, त्याची सुरुवात आपल्याकडे पंचवीस पुस्तकांनी करू. पेटी भरण्याचे काम मात्र तुमचे.

आपला,
ऊस विकास अधिकारी